कोण लागते ती तुमची?

मैत्री गजभिये हॅम्बर्गच्या कोर्टात न्यायाधीश झाली, तेव्हा तिच्या वडिलांपेक्षा कांतामावशीलाच आभाळ ठेंगणं झालं. "बाबासाहेबांनी कायदा लिहिला, आता आमची पोरगी तो चालवते," असं ती भाजीवाल्या तुर्कालासुद्धा मराठीतच सांगून आली. ही मावशी नात्यातली नव्हती, शेजारची होती. मैत्री सात वर्षांची असताना आई गेली. वडील विठ्ठलराव जहाजांच्या कारखान्यात पाळीवर. मग पोरीच्या वेण्या, डबा, तापातलं उशाशी बसणं आणि तिचं मराठी, सगळं कांता मेश्राममावशीनं निभावलं. मावशीचा धाकटा जीवन तर मैत्रीच्याच ताटात जेवून मोठा झाला.

न्यायाधीश म्हणून मैत्री चोख. वकिलाच्या हातची कॉफीसुद्धा घ्यायची नाही. पण एकदा तिचं हसं झालं. तिथं खटले आडनावाच्या अक्षरावरून वाटले जातात, न्यायाधीशाला निवड नसते. जयंतीच्या कार्यक्रमात खीर वाढणाऱ्या राजाभाऊ नागदिव्यांचा मारामारीचा खटला तिच्या टेबलावर आला. "आरोपी माझे काका आहेत," असं कळवून ती बाजूला झाली. कोर्टाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, वडिलांचे भाऊ? नाही. आत्याचे यजमान? तेही नाही. मग काका कसले? मैत्रीला काही सांगता येईना. पुढे वर्षभर कँटीनमध्ये सहकारी विचारायचे, "काय मग, आज कुठला काका?" तीही हसायची, पण ते तिला फार लागलं होतं.

दोन हजार सहा साली जीवनची फाइल तिच्याकडे आली. पावसात त्याच्या गाडीचा आरसा एका सायकलवाल्याला लागला. तो पडला, मनगट मोडलं. जीवन घाबरून तसाच पुढे निघून गेला आणि तासाभरानं स्वतःच पोलिसांत हजर झाला. इथं मैत्रीची बुद्धी फिरली. पुन्हा मावशी-काका सुरू केलं तर लोक काय म्हणतील? कागदावर तर आपलं नातं नाहीच. आपण सरळ न्याय करू, झालं. स्वतःची समजूत घालायला माणसाला वकील लागत नाही.

तिकडे मावशीनं जीवनला बजावलं, "कोर्टात ताई म्हणायचं नाही. वकिलालाही सांगायचं नाही. पोरीच्या खुर्चीला बोट लागता कामा नये."

निकालाच्या दिवशी सगळे उभे राहिले. मागच्या बाकावरून मावशीही उठली, दुखऱ्या गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून. मैत्रीनं तिच्याकडे पाहिलं नाही. सरकारी वकिलानं नुसता दंड मागितला होता. मैत्रीनं आठ महिन्यांची कैद सुनावली. ती स्थगित होती, जीवन तुरुंगात जाणार नव्हता. पण विमानांच्या कारखान्यातली त्याची नोकरी पोलीस तपासणीवर टिकून होती, कैदेची नोंद झाली की ती जाणार होती. आपण त्या घरचं खाल्लंय हे कुणाला दिसू नये, म्हणून तिनं माप जास्त टाकलं आणि त्यालाच निःपक्षपात म्हणाली. मला तर हा भित्रेपणाच वाटतो.

दोन दिवसांनी विठ्ठलरावांचा फोन आला. "जीवन अपील करत नाही म्हणतो. वरच्या कोर्टात तुमची ओळख निघेल म्हणून कांताबाईंनी त्याला शपथ घातलीय. काय केलंस गं हे?"

मैत्री रात्रभर रडली. सकाळी अध्यक्षीणबाईंच्या दारात जाऊन तिनं सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला.

"कोण लागते ती तुमची?"

या वेळी मैत्री अडखळली नाही. "कायद्यानं कोणीच नाही. पण मला तिनं वाढवलंय. हा निकाल मी द्यायलाच नको होता."

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मावशीनं शपथ सोडवली आणि मुदत संपायच्या आत जीवनचं अपील गेलं. वरच्या कोर्टानं कैद रद्द करून दंड ठेवला, नोकरी वाचली. मैत्रीला लेखी ठपका मिळाला आणि फौजदारी खटल्यांऐवजी मृत्युपत्रांचा विभाग. कँटीनमध्ये आता कोणी चेष्टा करेना, कारण तिच्या टेबलावर फारसं कोणी बसतच नसे. त्याचं तिला काही वाटलं नाही. एकच गोष्ट राहिली होती, आणि ती करायला तिला महिना लागला.

एका रविवारी ती मावशीकडे गेली. दार जीवननं उघडलं, "ये ताई," म्हणाला, पण नजर चुकवून. मावशी खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती. लहानपणापासून मैत्री आली की ती बसल्या जागेवरून ओरडायची, "हात धू आधी!" आज तिनं सुपली बाजूला ठेवली, गुडघ्यांवर हात दाबले आणि ती उठून उभी राहिली.

"मावशी, अगं बस ना," मैत्री म्हणाली.

"तुम्ही बसा आधी, मॅडम. तुमच्याआधी बसायचं नसतं, कोर्टात सांगितलं होतं आम्हाला."

मावशीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मैत्रीनं पाय धरले असते. जीवननं खुर्ची पुढे सरकवली. तिच्यावर बसायची मैत्रीला हिंमत होईना, आणि ती बसेपर्यंत मावशी बसेना.