लग्नात खर्च केला, सबब

नवी पेठेत कापडाच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. तिथं बसून मी लोकांची मृत्युपत्रं करते. त्यातलं एक वाक्य कॉम्प्युटरमध्ये कायमचं मुक्कामाला आहे : ‘मुलीच्या लग्नात यथाशक्ती खर्च केला आहे, सबब तिला काही दिलेले नाही.’ माझ्या वडिलांच्या मृत्युपत्रातही ते होतं. त्यांनी ते माझ्याकडून नव्हे, दुसऱ्या वकिलाकडून करून घेतलं. घर, प्लॉट, सगळं भावाला. मी ते कधीच विसरले, असं सगळ्यांना सांगते.

मागच्या वर्षी चिंचोळी एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार आले. दोन लग्नं झालेली. पहिल्या बायकोचा मुलगा कॅनडात. दुसरी बायको आली ती आपली मुलगी घेऊन. त्या मुलीचं लग्न यांनीच लावून दिलं आणि आता कारखाना तीच चालवते. शेअर, फंड, पुण्यातला फ्लॅट मुलाला आणि कारखाना तिला, असं त्यांच्या मनात होतं. रक्ताचं नातं नाही, आणि अख्खा कारखाना! जिना चढताना तिनं त्यांचा हात धरला होता. त्यांना खुर्चीत बसवून, पाण्याची बाटली हाताशी ठेवून ती खाली गाडीत जाऊन बसली. मला तिचा हेवा वाटला. हेवा कसला, मी जळले.

त्यांना कन्नड वाचायची सवय, म्हणून मसुदा मीच वाचून दाखवत होते. कारखाना तिला, इथपर्यंत ठीक चाललं. पुढे ते तयार वाक्य तसंच राहून गेलेलं. मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. पण वाचताना जीभ अडखळलीही नाही.

“थांबा की,” ते म्हणाले. “ह्ये मी कुटं सांगितलं?”

“सगळेच लिहितात, अप्पा.”

“लगीन मी माझ्या हौसेनं केलं. त्येचं बिल तिला कशाला?”

वाक्य खरंच धोक्याचं होतं. एका ओळीत कारखाना द्यायचा आणि पुढच्या ओळीत काही दिलं नाही म्हणायचं. मुलगा कोर्टात तेवढंच धरून बसला असता आणि तिच्या हातून कारखाना गेला असता. मी ते काढलं. मग गाडी ‘माझी मुलगी’वर अडली. नुसतं तसं लिहून चालणार नाही, ‘पत्नीची पहिल्या विवाहापासूनची मुलगी’ असं स्पष्ट लिहावं लागेल, हे मी त्यांना सांगितलं. कायद्यानं ते बरोबरच होतं. सांगताना मला बरं वाटलं, हेही खरं.

ते बाटलीतलं घोटभर पाणी प्यायले. “लिवा. पर आदी ‘माझी’ लिवा. मग तुमचं कायद्याचं.”

तसं लिहिलं. प्रिंटर चालू असताना त्यांनी सहज विचारलं, “वकीलबाई, तुमच्या वडलांनी तुमाला काय दिलं?”

“शिक्षण दिलं,” मी माझं ठेवणीतलं उत्तर दिलं.

“त्ये तर भावालाबी दिलं असंल की.”

भाऊ इंजिनिअर आहे. डोनेशन भरून.