खांबाला मिठी मारू नये

एल्बेक गावच्या शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं, त्या दिवशी ट्वायला हाउकने पिठाच्या गोळ्यांचं नेफला सूप केलं, पोरांना दोन-दोनदा वाढलं, पातेली घासून पालथी घातली आणि घरी आली. गावात पोरंच उरली नाहीत म्हटल्यावर शाळा तरी कशी राहणार? उरलीसुरली शेजारच्या गावच्या शाळेत गेली. तिथे वाढणारे हात आधीच होते.

फार्गो शहरातून बहिणीचा फोन आला. "इथल्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये तुझं काम बघून ठेवलंय. घर विकून टाक आणि ये. त्या वाऱ्यात काय ठेवलंय?"

वाऱ्यात काही ठेवलं नव्हतं, हे खरंच. पण पंचेचाळिशीची, नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई जिथे रस्त्याने निघाली की समोरच्या प्रत्येक गाडीतून ओळखीची दोन बोटं उचलली जातात, ते गाव सोडून ओळख ना पाळख अशा ठिकाणी जायचं ट्वायलाच्या जिवावर आलं. गावातच राहायचं तर गावातच काम हवं. आणि काम तर औषधालाही नव्हतं.

ते सापडलं कॅफेत. सकाळी म्हाताऱ्यांचं टेबल भरलं होतं. वीज सहकारी संस्थेचा मॅनेजर गॉर्डन एंगेन कॉफी ढवळत रडगाणं गात होता. गेल्या हिवाळ्यात तारांवर मनगटाएवढा बर्फ धरला, खांब ओळीने आडवे झाले, आणि लाइनमन लांबच्या गावाहून येईपर्यंत अख्खं एल्बेक ट्वायलाच्या शाळेतल्या गॅसच्या शेगडीभोवती बसून होतं.

"इथेच राहणारा लाइनमन हवाय मला," गॉर्डन म्हणाला. "कॉलेजचा कोर्स करून यावं, मी घेतो. पण पोरं शिकतात आणि शहराकडे पळतात. इथे राहायला कुणी तयार आहे का?"

"मी राहतेच की इथे," ट्वायला म्हणाली.

टेबलावर हशा पिकला. तिचा थोरला दीर एल्मर तर खोकेपर्यंत हसला. "तू? खांबावर डबा पोचवणार आहेस का, ट्वायला?"

"तुमचा दिवा लावायला चढेन, भावोजी. मग हसा उजेडात."

कॉलेज म्हणजे सूर्यफुलांच्या शेतांमध्ये दोन बैठ्या सरकारी इमारती. कॅफेतले म्हातारे त्याला 'तेरावी यत्ता' म्हणत. बारावीला ज्याचं कुठे जमलं नाही तो तेरावीला, अशी त्यांची थट्टा. पण एल्मरचा गुडघा बघणारी नर्स त्याच तेरावीतली, त्याच्या कापणीयंत्राचा मोडका दांडा जोडणारा वेल्डरही तिथलाच, आणि कुणी गेलं आणि माणसं चर्चमध्ये मावेनाशी झाली, की दफनानंतरचं जेवण कॉलेजच्याच व्यायामशाळेत. यजमानाला नावं ठेवावीत आणि त्याच्याच घोंगडीत झोपावं, तशातली गत.

लाइनमनच्या वर्गात ट्वायला गेली, तर समोर सगळे तिनेच जेवू घातलेले चेहरे. वाटाणे लपवून टाकणारा कोल्टन आता सहा फुटी झाला होता.

"मिसेस हाउक! आज जेवायला काय आहे?"

"तुझ्या हाडांचं सूप, पडलास तर. आणि त्यातले वाटाणे खायचे."

पुस्तकी भागात ती पुढे होती. व्होल्टेज, रोहित्र, अर्थिंग सगळं ती आमटीच्या प्रमाणासारखं पाठ करी. अडलं ते खांबाशी. पोटरीला लोखंडी पट्टी बांधायची, तिच्या आतल्या अंगाला खिळा. तो लाकडात रोवत, कमरेचा पट्टा खांबाभोवती सरकवत वर जायचं. मास्तर लेलंड टोफ्ट, निवृत्त लाइनमन, पहिल्याच दिवशी म्हणाला, "मागे रेला. ढुंगण बाहेर, छाती खांबापासून लांब. जवळ गेलात की खिळा सुटतो."

ट्वायला घराच्या छपराइतकी वर गेली, खाली पाहिलं, आणि तिने खांबाला घट्ट मिठी मारली. खिळे सुटले. सरसर घसरत ती खाली आली, दोन्ही हातांत आणि हनुवटीत लाकडाची कुसळं घेऊन.

"ट्वायला," लेलंड चिमट्याने कुसळं काढत म्हणाला, "तो खांब आहे, तुझा नवरा नाही."

"नवऱ्याला मिठी मारली असती तर तोही असाच निसटला असता."

हसण्यावारी गेलं खरं, पण पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच. समजत सगळं होतं, शरीर ऐकत नव्हतं. शेवटी लेलंडने तिला बाजूला बसवलं. "पोरंही घाबरतात, पण मिठी सोडतात. तू का सोडत नाहीस?"

ट्वायलाने विचार केला. मग तिला तिचा बाप आठवला, आणि तिने सांगून टाकलं. हिमवादळात घरापासून गोठ्यापर्यंत तो दोर बांधून ठेवी. समोरचा हात दिसत नसे, आणि दोर सोडलेला माणूस अंगणातच हरवून वसंतात बर्फाखाली सापडल्याच्या गोष्टी घरोघरी होत्या. चालायला लागल्यापासून एकच शिकवण: आभाळ कोसळलं तरी धरलेलं सोडायचं नाही.

"आमच्याकडेही होता दोर," लेलंड म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत तो गोठा उभा राहिला असावा. "इथल्या निम्म्या पोरांचं हेच होतं. सांगून जात नाही ते."

दुसऱ्या दिवशी तो बास्केटबॉल घेऊन आला. मैदानात खांब गोल मांडलेले होते. प्रत्येकावर एकेक जण चढवला, ट्वायला सगळ्यात खाली, पुरुषभर उंचीवर. "आता खेळा. बॉल खाली पडला, तर सगळ्यांनी उतरून पुन्हा चढायचं."

कोल्टनने मुद्दाम उंच फेकला. आता हे लेलंडला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे, पण ट्वायला शाळेत असताना एल्बेकच्या मुलींचा संघ राज्याच्या स्पर्धेत खेळला होता, आणि बॉल कुणाला द्यायचा हे तीच ठरवी. बॉल डोक्यावरून निघाला तसे तिचे दोन्ही हात वर गेले, पाठ मागे झुकली, पट्टा ताणला, खिळे लाकडात रुतले. बॉल हातात आला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशालाच धरलेलं नाही.

"पडले नाही!" ती ओरडली.

"पडल्या नाहीत, मग टाका ना इकडे!" कोल्टनही ओरडला.

तिने टाकला, तोही इतका जोरात, की त्याला खांबावरून वाकावं लागलं. संध्याकाळपर्यंत ती वरच्या टोकाला पोचली होती.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर जिल्हा लोटला. वरून जखमी माणसाच्या वजनाचा पुतळा ठरल्या वेळात दोराने उतरवायचा होता. ट्वायलाने तो लेकराला पाळण्यात ठेवावं तसा अलगद उतरवला. पास झाली. टाळ्या पडल्या. पण गॉर्डन एंगेन खिशात हात घालून उभा.

"कागदावर पास होणारे मी खूप पाहिलेत," तो लेलंडला म्हणाला. "हिला वाऱ्यात बघायचंय मला."

दुपारी वारा आला. नेहमीचाच, पश्चिमेकडून, टोप्या उडवणारा. तेव्हा परीक्षेनंतरची अंड्याची शर्यत चालू होती: कच्चं अंडं बादलीत घेऊन वर जायचं आणि तोंडात धरून खाली यायचं. पोरं भरभर चढली, पण खांब डोलायला लागला तसे त्यांचे जबडे आवळले आणि एकेकाच्या हनुवटीवरून पिवळं ओघळू लागलं. कोल्टनचं तर अर्ध्यातच फुटलं. म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या.

ट्वायला चढली. टोकाशी वारा तिला इकडून तिकडे झुलवत होता. तिने अंडं ओठांत घेतलं, दात लांब ठेवले, मागे रेलली आणि वाऱ्याबरोबर झुलत एकेक पाऊल खाली येऊ लागली. एल्मरने टोपी काढून छातीशी धरली, जणू राष्ट्रगीत चाललंय.

पाय जमिनीला लागले. गॉर्डन पंचांच्याही आधी पोचला.

"सोमवारी सकाळी येतेस का कामावर? एल्बेकची सगळी लाइन तुझी."

ट्वायलाने तोंड उघडलं असतं, तर अंडं गेलं असतं. पंच अजून चालत येतच होते, आणि पंचांनी बघितल्याशिवाय अंडं काढायचं नाही हा नियम. तिने मान हलवली. मग पुन्हा हलवली, जोरात, डोळ्यांतून पाणी यायला लागेपर्यंत.

"अरे, हो म्हणतेय ती!" एल्मर ओरडला. "दिसत नाही का तुला? एल्बेकची बाई आहे, हो म्हणतेय!"

पंचांनी अंडं काढून उजेडात धरलं. एक चीर नव्हती. ट्वायलाने बाहीने तोंड पुसलं.

"सोमवारी नको," ती गॉर्डनला म्हणाली. "तुमच्या चर्चमागचा खांब कलला आहे, येताना पाहिलाय मी. उद्याच येते."