सोमाजीभाऊंनी अंगावर घेतलेला गंज

एकोडी गावाहून सोमाजीभाऊंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते. "बाबा गेले, बाई. परवा सकाळी. तुमची आठवण काढत होते, म्हणून कळवलं..." एवढं बोलून ती थांबली. माझा नंबर आला, मागचा माणूस ढकलायला लागला, आणि मी काम न करताच रांगेतून बाहेर पडले. त्याला आता पाच आठवडे झाले. माझ्याकडून त्यांच्याविषयी लिहायचं राहिलं असतं तर ते सोमाजीभाऊंनी मनावर घेतलं नसतं. पण सगळ्यांसमोर विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा सगळ्यांसमोर दिलं नव्हतं. ते आज देते आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वैनगंगेच्या काठावर आमच्या खात्याचं एक छोटं कार्यालय होतं. तिथे मी भांडारात नवीनच लागले होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. सोमाजीभाऊ तिथले फिटर. पुराच्या दिवसांत लोकांना काढायला आणि एरवी नदीचं पाणी मोजायला खात्यानं एक मोटारबोट घेतली होती, ती त्यांच्या ताब्यात. बोटीच्या कड्या, दोर बांधायच्या खुंट्या, बिजागऱ्या, सगळं स्टेनलेस स्टीलचं, कोऱ्या आरशासारखं. सोमाजीभाऊ रोज संध्याकाळी ते साध्या पाण्यानं धूत, मऊ फडक्यानं कोरडं करत. ओलं गोणपाट कोणी त्यावर टाकलं तर उचलून लांब फेकत. मी एकदा हसून म्हणाले, "अहो, याला कुठं गंज लागतो?" तर म्हणाले, "लागत नाई असं नाई, बाई. लागू द्यायचा नसते."

मी ते ऐकून घेतलं, पण मनाशी धरलं नाही. आमचं घर भंडाऱ्याचं, तीन पिढ्या पितळी भांड्यांच्या धंद्यातलं. धातूचं मला कोण शिकवणार? त्या आषाढात सोमाजीभाऊ भाताच्या रोवणीसाठी आठ दिवस गावी गेले आणि नेमकी मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. बोटीवर चिखलाचे डाग होते. मी भांडारातला लोखंडी तारेचा ब्रश काढला आणि घाटावर कोणी नसताना दुपारभर एकेक कडी घासली. बोटं सोलून निघाली, पण बोट अशी झळकली की मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांची पाठ थोपटली. मीही खूश होते...

पंधरा दिवस पावसाची झड लागली. उघाड पडल्यावर ताडपत्री काढली तर प्रत्येक कडीवर तांबूस-तपकिरी ठिपके, खुंट्यांच्या बुडाशी गंजाचे ओघळ. साहेबांनी सगळ्यांना घाटावर बोलावलं.

"स्टेनलेसला गंज चढत नाही," ते शांतपणे म्हणाले. "याला चढलाय. म्हणजे हे स्टेनलेस नाही. सोमाजी, अस्सल माल काढून कुठं विकला?"

बोटीच्या किल्ल्या दोघांकडेच, सोमाजीभाऊंकडे आणि माझ्याकडे. सोमाजीभाऊ कडीवर वाकले, तिच्यावरून नख फिरवलं. मग मान वर केली तेव्हा त्यांची नजर एक क्षण माझ्या हातांवर थांबली. मी हात पदराखाली घेतले.

"माल असलीच हाय, साहेब. मले तीन दिवस द्या. मी दाखवतो."

"तीन दिवस. मग पोलीस."

सोमाजीभाऊंनी भांडारातून दोन नव्या कड्या मागितल्या, कारखान्याच्या मेणकागदात बांधलेल्या. साहेबांच्याच हातानं कागद फोडायला लावला. एका कडीवर तारेचा ब्रश मारला, दुसरीला हात लावला नाही. दोन्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवल्या, पेटीला साहेबांचं कुलूप. कुलूप लागल्यावर मला कळलं की उद्या-परवा ही पेटी माझ्याबद्दलही बोलणार आहे.

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "गप्प राहा. नोकरी कायम होऊ दे." दुसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. सोमाजीभाऊ बोटीत बसून लिंबाच्या फोडींनी एकेक डाग भिजवत होते. रस थोडा वेळ राहू द्यायचा, फडक्यानं हलकेच पुसायचं, लगेच भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. खालून जसंच्या तसं पांढरं स्टील निघत होतं. मी म्हणाले, "ब्रश मी मारला होता."

"मले मालूम हाय. मी गावाहून आलो तवा तुमच्या बोटाइवर ओरखडे होते. लोखंडाचा चुरा घुसते तारेनं, अन् तोच गंजते."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"त्याइनं इचारलं, माल कोठी विकला. ब्रश कोणी मारला, थे इचारलंच नाई." आणि ते पुन्हा लिंबू चोळायला लागले.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली. ब्रश मारलेल्या कडीवर तांबूस बुरशी धरावी तसा गंज, दुसरी लख्ख. साहेब बराच वेळ दोन्ही कड्या हातात तोलत राहिले. चोरीचा आळ तिथेच गळून पडला. आणि मग त्यांनी विचारलं, "मग ब्रश कोणी मारला?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं... पण आवाज फुटला नाही.

"बोट माझ्या ताब्यात हाय, साहेब," सोमाजीभाऊ म्हणाले. "जिम्मेदारी माझी."

त्यांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. मेकॅनिकची बढती हातातोंडाशी आली होती, ती थांबली ती सहा-सात वर्षं. माझी नोकरी सहा महिन्यांत कायम झाली. त्याच भाद्रपदात पूर आला, आणि त्याच कड्यांना दोर बांधून सोमाजीभाऊंनी नदीपलीकडची माणसं आणली. त्यानंतर आम्ही दहा वर्षं एकाच कार्यालयात होतो. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मीही नाही. रोज वाटायचं, आज साहेबांच्या खोलीत जावं. ते साहेब बदलून गेले, पुढचेही गेले, आणि सांगायला कोणी उरलं नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला अजून आहे.

तेरवीनंतर मी एकोडीला गेले. त्यांच्या पत्नी, यशोदाबाई, ओसरीत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काही न लपवता.

"मले नाई सांगतलं त्याइनं कधी," त्या म्हणाल्या. "बढती थांबली तं मी इतके वर्स त्याइलेच बोलत होती. तुमीच काहीतरी चुकले असान म्हणून..." मग, "तुमी आता सांगून राहिल्या, बाई. थे असताना आल्या असत्या तं मी त्याइले बोलणं थांबवलं असतं."

माझ्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला होता. तो कसाबसा संपवून मी खाली ठेवला. यशोदाबाईंनी तो उचलला, विसळला, आणि बोलता बोलता लुगड्याच्या पदरानं आतून, बाहेरून, बुडाशी, काठाच्या घडीतही बोट घालून कोरडा केला. माझं लक्ष आहे हे पाहून म्हणाल्या, "ओला ठेवला तं त्याइले चालत नव्हतं." आणि पेला फळीवर उपडा ठेवून दिला.