चटईशेजारची खुर्ची

हिलाल पाटलांच्या नजरेला गावात कुणी नाव ठेवलं नव्हतं. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. उसाचा ट्रॅक्टर लांबच्या वळणावर दिसला की हे खिडकीतून त्याचा नंबर सांगून मोकळे. आणि एकदा पाहिलेला नंबर विसरणं त्यांना जमतच नसे. लग्नात भेटलेल्या पाहुण्याचं नाव डोक्यातून जाईल, पण त्याच्या मोटरसायकलचा नंबर पाच वर्षांनीही तोंडपाठ. बायको शीलाबाई म्हणायच्या, "मन्हा वाढदिवस तेवढा ध्यानमा ऱ्हात नही!"

निवृत्तीनंतर या नजरेला काम मिळालं ते धाकट्या जागृतीमुळे. पोरगी आधी दहा मीटरवर एअर रायफल मारायची, मग पन्नास मीटरला गेली. चटईवर पालथं पडायचं आणि नेम धरायचा. क्लबच्या रेंजवर निशाण कागदी, त्यावर गोळीचं भोक पेन्सिलच्या जाडीचं. पन्नास मीटरवरून ते साध्या डोळ्याला दिसत नाही, त्याला दुर्बीण लागते. तिला तिथे सगळे स्कोप म्हणतात. नेमबाज लोक तो स्कोप आपल्याच डोळ्याशेजारी बुटक्या स्टँडवर लावून ठेवतात. पण हिलाल आप्पांना हे पटलं नाही. "डोकं कसाले हालावस? मी शे ना!" असं म्हणून त्यांनी चटईशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि क्लबचा जुना स्कोप उंच तिपाईवर चढवला. गोळी सुटली की ते बघून सांगत, "नऊ, दोन वाजता." म्हणजे नवाच्या वर्तुळात, घड्याळात दोन असतात त्या बाजूला. क्लबातले लोक आधी हसले. मग निशाणाची कागदी कार्डं हातात आली आणि हसू थांबलं, कारण आप्पांचा एकही आकडा चुकत नव्हता. तीन वर्षं ती खुर्ची म्हणजे आप्पांची गादीच होती.

गेल्या दिवाळीनंतर नजरेसमोरचं मधलं पुसलं जायला लागलं. समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसेना. आप्पा गुपचूप नंदुरबारच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध सुकत चाललाय, दोन्हीकडे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. याला ना ऑपरेशन, ना चष्मा. घरी येऊन आप्पांनी सांगितलं, "चष्माना नंबर वाढेल शे, दुसरं काही नही." एवढ्या मोठ्या माणसाने इतकं लहान खोटं बोलावं, पण खुर्ची सुटेल ही भीती मोठी होती.

मग त्यांनी एक युक्ती काढली. गोळी सुटली की स्कोपला डोळा लावायचा, जरा थांबायचं आणि पोरीलाच विचारायचं, "तुले काय वाटस? कोठे लागनी?"

नेमबाजीत ही रीतच आहे. गोळी सुटताना नळी कुठे होती ते ध्यानात ठेवून, न बघता सांगायचं. जागृतीला वाटलं, आप्पा शिकवताहेत. ती म्हणे, "नऊ, तीन वाजता." आप्पा म्हणत, "बरोबर शे." मग ती त्या हिशोबाने रायफलचे स्क्रू फिरवी. संध्याकाळी कार्ड हातात आलं की भोकं भलतीकडेच. एकदा झालं, दहादा झालं. पोरगी रडकुंडीला आली. पुढच्या महिन्यात पुण्याला राज्याची स्पर्धा, आणि तिचे गुण दर आठवड्याला खाली. आप्पांना सगळं कळत होतं. बोलायला तोंड उघडत आणि भलतंच निघे, "स्कोपना काचमा बुरशी लागेल शे. नवा लेवाले पाहिजे."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. बिचाऱ्या स्कोपला काही झालं नव्हतं.

एका रविवारी बापलेक सुरतेला गेले. दुकानदार चुनीलालभाई मोठा बोलका. त्याने तीन स्कोप मांडले. एक साठ पटीने मोठं दाखवणारा होता, तो आप्पांच्या मनात भरला. जितकं मोठं तितकं बरं, हा त्यांचा हिशोब. जागृती म्हणाली, "आप्पा, आपला उन्हमा अकरा वाजता त्याम्हातीन नुसतं पाणी हाललागत दिसी. तीस पट बस शे." मग सरळ नळीचा की मागे डोळा लावायची जागा वर वाकवलेला, यावर बोलणं आलं. आप्पा म्हणाले सरळ, कारण खुर्चीत बसून सरळच बरा पडतो.

दुकानाच्या गॅलरीतून सरळ नळीचा स्कोप रस्त्यापलीकडच्या एका शिंप्याच्या पाटीवर धरला. जागृतीने पाटीवरचा फोन नंबर मोठ्याने वाचला. आप्पांनी डोळा लावला. राखाडी डाग, कडेने थोडा उजेड. पण नंबर तर कानावर पडलेला होता. त्यांनी तो घडाघडा म्हटला. चुनीलालभाई म्हणाला, "वाह काका, क्या नजर है!"

मग त्याने वाकवलेला स्कोप तिपाईवर बसवला. आप्पा खाली वाकले. तोच राखाडी डाग. जरा थांबून ते म्हणाले, "हाई बी झकास शे," आणि दहाच्या दहा आकडे पुन्हा बिनचूक म्हणून दाखवले.

दुकानदाराने आधी स्कोपच्या रोखाने पाहिलं, मग आप्पांकडे.

"काका," चुनीलालभाई चाचरत म्हणाला, "ये तो अभी सामने टंकी पे लगा है, बोर्ड तो..."

"हाच द्या," जागृती मध्येच बोलली. "बांधा लवकर, बस शे आमनी."

आप्पा कमरेतून तसेच वाकलेले राहिले. सरळ व्हायचं त्यांना धाडसच झालं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी चुकीचा आकडा सांगितला नव्हता, आणि आजही आकडा चुकला नव्हताच. मागे जागृती दुकानदाराशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती.

परतीच्या बसमध्ये खोकं त्यांच्या मांडीवर होतं. नवापूर मागे पडलं. शेवटी आप्पांनी खोक्यात हात घातला आणि चाचपून पाहिलं. स्टँड हाताला लागला. जेमतेम वीतभर उंच. खुर्चीत बसलेल्या माणसाने कितीही वाकलं तरी डोळा तिथवर पोचायचा नाही.

"बुटका शे," ते म्हणाले.

"हा. माले पडल्या पडल्या देखनं शे ना."

"आन मी?"

जागृतीने खोकं नीट बंद केलं. मग म्हणाली, "तुमनी खुर्ची तठेच ऱ्हाई, आप्पा."

तिने भांडण केलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. चार महिन्यांचे गुण कुठे गेले, एवढं जरी विचारलं असतं तरी चाललं असतं. माफीही मागता येईना, कारण तिने आरोपच केला नव्हता.

विसरवाडीला बस थांबली. शेजारी एक ट्रक येऊन उभा राहिला. सवयीने आप्पांची मान वळली. पिवळ्या पाटीच्या दोन कडा दिसल्या, मधे काहीच नव्हतं. ते बघतच राहिले.

जागृतीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ट्रकचा नंबर हळूच वाचला, त्यांना ऐकू जाईल इतकाच.

आप्पांनी तो पाठ करून ठेवला.