माय जागची का उठली नाही

मैत्रिणींनो, गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की माय तापामुळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठली नाही. ते चुकलं, माफ करा.

प्रसादाआधी पाण्याचा थेंबही चालत नाही. सकाळी चूळ भरताना घोट गेला असेल, या धास्तीने मी तीन रविवार प्रसाद घ्यायला न उठता चर्चमध्ये बसूनच राहिले. तिन्ही वेळा मायही बसली.

आज मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना आटोपल्यावर, ठाण्याच्या बाजारातून येताना मी कारण विचारलं.

"ताप कसला! सगळी उठली की तू एकटी दिसतेस. चूळ भरतेस की विहीर पितेस गं?"

मला प्रार्थना तिनेच चुलीपुढे शिकवल्या. माझ्या भीतीपायी तिचाही प्रसाद हुकला. तुमच्यासाठी असं कुणी बसलंय का?

येत्या रविवारी मी चूळच भरणार नाही. मायचा हात धरून उठणार आहे.