दुकानदार म्हणाला, मरी आली

मंडळी, आज सकाळी सुरतेतल्या आमच्या जुन्या मसाल्याच्या दुकानात गेले होते. गल्ल्यावरची बाई फोनवर कुणाला तरी म्हणाली, "मरी आवी गयां." साठी उलटलीय माझी, तरी हातातली पिशवी सुटली.

सत्तर सालच्या आसपास आम्ही खानदेशातून इथे आलो. वडील कापडाच्या कारखान्यात, मी आठ वर्षांची. मायनं धणे आणायला याच दुकानात पाठवलं. गर्दीतून दुकानदार मला ओरडून म्हणाला, "छोकरी, तारी बाने कहेजे, मरी आवी गयां." तुझ्या आईला सांग, मरी आली.

आमच्या गावाकडे मरी म्हणजे पटकी. आदल्याच वर्षी तिनं शेजारचं घर रिकामं केलं होतं. आणि हा माणूस तिचा निरोप थेट माझ्या मायला देत होता.

धणे तिथंच टाकून पळाले. घरी येऊन कडी लावली. निरोप सांगितला तर मरी घरात शिरेल, म्हणून तोंड उघडेना. दुपारी माय जरा आडवी झाली, तर तिच्या नाकापुढे बोट धरून बसले. बोटाला श्वास जाणवतोय का, ते बघत.

तिला जाग आली तशी रडत सगळं सांगून टाकलं.

माय हसली नाही. म्हणाली, "इथं मिरीला मरी म्हणतात, पोरी. पहिल्यांदा मीबी अशीच पळाले होते. तुझ्या बापाला सांगू नको."

परक्या गावात तुम्हाला कुठल्या शब्दानं पळवलं? आणि तेव्हा "मीबी पळाले होते" म्हणणारं घरी कुणी होतं का?