फोटोपुरती जागा

"इंडियन्स आर फुल," ॲडमिशनच्या मॅडम म्हणाल्या. बस भरली की कंडक्टर म्हणतो, तसं. फक्त कंडक्टर इतकं गोड हसत नाही.

माझी पाच वर्षांची सई शेजारच्या खुर्चीत ताठ बसलेली. तिची परीक्षा उत्तम झाली होती. हेही मॅडमच म्हणाल्या. "बट वुई हॅव टू कीप द मिक्स." म्हणजे वर्गात गोरे किती, अरब किती, आपण किती, ते ठरलेलं. आपला वाटा संपला.

दुबईतली ही ब्रिटिश शाळा. इथल्या सरकारी शाळा मुख्यतः इथल्याच लोकांच्या मुलांसाठी. आपल्याला प्रायव्हेटच. इंडियन शाळांत वेटिंग. म्हणून या मुलाखतीसाठी महिनाभर मी घरात मराठी बंद केली होती. सईला थालीपीठ काट्या-सुरीने खायला लावलं. 'वॉटर'मधला 'र' गिळायला शिकवलं. मी स्वतः गिळायला गेलो की ठसका लागायचा. बायको म्हणाली, "अहो, भांडणसुद्धा इंग्लिशमध्ये? मग तुमचं काही खरं नाही."

आता मॅडमनी नाही म्हटलं, तरी मी हटलो नाही. मोबाईल काढला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतला सईचा फोटो. नऊवारी, नथ, चंद्रकोर. "शी डान्सेस ऑल्सो, मॅडम." पन्नाशीला टेकलेला माणूस, टाय लावून, पोरीची जाहिरात करत होता.

मॅडमचे डोळे चमकले. "गॉर्जस!" पुढच्या आठवड्यात शाळेच्या माहितीपुस्तकासाठी फोटो काढणार होते. "कुड शी कम इन दिस?"

"अँड ॲडमिशन?"

"ओह, नो. जस्ट द फोटो."

त्यांच्यामागे भिंतभर तसलेच फोटो. देशोदेशीचे पोशाख, हसरी पोरं. यातली किती आत वर्गात बसतात?

सईने माझी बाही ओढली. "बाबा, डिड आय से वॉटर राँग?"

महिनाभर मी तिला एवढंच शिकवलं होतं. चूक तुझीच.

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही." मराठीत. मोठ्याने. मग मॅडमना म्हणालो, "नो फोटो." आणि सईचा हात धरून उठलो.

पार्किंगमध्ये सईला गाडीत बसवलं. आता शाळा कुठली, माहीत नाही. वेटिंगवर नंबर लागला नाही तर मायलेकींना पुण्याला पाठवायचं आणि मी इथे एकटा. आज तरी तेवढंच दिसतंय.

पण एक ठरलं. पोरीची जीभ कापून मी तिला पुन्हा कुठल्या दारात नेणार नाही. आणि ज्यांच्या वर्गात तिला जागा नाही, त्यांच्या भिंतीवर ती दिसणार नाही.